गाडी शिकताना पुस्तक कोणतं घ्यावं: सातारा-सांगलीच्या शिकाऊ चालकांसाठी

आरटीओच्या आसपासच्या झेरॉक्स दुकानांत एक पातळ पुस्तिका मिळते. थोडी वाहतुकीची चिन्हं, थोडे नियम आणि शेवटी प्रश्नोत्तरं. बहुतेक जण तेवढीच घेतात, दोन रात्री पाठ करतात, शिकाऊ लायसन्सची परीक्षा देतात आणि पुस्तिका कपाटावर टाकतात. पुढचं सगळं शिक्षण ड्रायव्हिंग स्कूलचे सर शेजारी बसून जे सांगतील तेवढंच. सर शेजारी आहेत तोवर ते चालूनही जातं. पण एकट्यानं साताऱ्यातला पोवई नाका ओलांडायची किंवा सांगली-मिरज रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत शिरायची वेळ आली की कळतं, आपण ‘क्लच दाबा, ब्रेक मारा’ एवढ्या हुकमांवर गाडी शिकलो. क्लच कधी दाबायचा, का दाबायचा आणि नाही दाबला तर काय होतं, हे कुणी समजावलंच नाही. ते समजावणारं पुस्तक बाजारात ओळखायचं कसं, ते इथे क्रमानं पाहू.

पुस्तक कशासाठी हवंय ते आधी ठरवा

शिकणाऱ्याच्या गरजा तीन असतात आणि तिन्ही वेगळ्या असतात. पहिली म्हणजे शिकाऊ लायसन्सची लेखी परीक्षा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११ नुसार या परीक्षेत चार गोष्टी विचारतात: चिन्हं, सिग्नल आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, फाटकवाला नसलेलं रेल्वे फाटक ओलांडतानाची काळजी, आणि गाडीत बाळगायची कागदपत्रं. पास व्हायला किमान ६० टक्के गुण लागतात, म्हणजे १५ प्रश्नांचा पेपर असेल तर ९ बरोबर. दुसरी गरज म्हणजे गाडी हाताळणं: क्लच, गिअर, स्टिअरिंग, रिव्हर्स. तिसरी म्हणजे रस्ता वाचणं. समोरचा काय करणार आहे, किती अंतर सोडायचं, कधी थांबायचं आणि कधी ओव्हरटेक करायचाच नाही, हे सगळं त्यात आलं.

पातळ पुस्तिका फक्त पहिली गरज भागवते. तिन्ही गरजा सारख्याच नीट भागवणारं एकच पुस्तक क्वचित मिळतं. पैसे एकाच पुस्तकापुरते असतील तर प्रश्नोत्तरांची पुस्तिका सोडा आणि गाडी हाताळणं नि रस्ता वाचणं शिकवणारं पुस्तक घ्या. परीक्षेचा सराव परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर फुकट करता येतो. हाफ क्लच, म्हणजे अर्धवट सोडलेला क्लच, कसा सांभाळायचा हे मात्र पोर्टल शिकवत नाही.

दुचाकीपुरतंच लायसन्स हवं असेल तर एवढा शोध घेण्याची गरज नाही. चिन्हं, नियम, हेल्मेट, दोन्ही ब्रेक एकत्र लावायची पद्धत आणि ट्रॅकवरचा इंग्रजी आठाचा आकडा नीट समजावला असेल तर पुस्तक पुरेसं आहे. पुढचं सगळं मुख्यतः चारचाकीसाठी आहे.

पहिली चाळणी: पुस्तक कोणत्या सालातलं?

दुकानात पुस्तक हातात घेतलं की मुखपृष्ठाआधी आतलं प्रकाशनाचं पान उघडा. तिथे ‘पुनर्मुद्रण २०२३’ असं असेल तर फसू नका. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तरच मजकूर बदलला असण्याची शक्यता, आणि तीही तपासूनच घ्यायची.

मोटार वाहन कायदा १९८८ चा असला तरी २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात मोठे बदल झाले आणि त्यातले दंडाचे बदल १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. त्याआधी २०१७ मध्ये रस्त्याच्या नियमांची १९८९ ची जुनी नियमावली जाऊन मोटार वाहन चालवण्याची नवी नियमावली आली. म्हणून २०१९ च्या आधीचा मजकूर कायद्याच्या भागापुरता बाद समजा. पाच ठिकाणी बोट ठेवलं की दोन मिनिटांत निकाल लागतो.

विना लायसन्स गाडी चालवण्याचा दंड, कलम १८१: ५०० रुपये लिहिले असतील तर मजकूर जुना, ५,००० असतील तर नवा. दारू पिऊन गाडी चालवल्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड, कलम १८५: २,००० म्हणजे जुना, १०,००० पर्यंत म्हणजे नवा. शिकाऊ लायसन्सची फी: ३० रुपये छापले असतील तर पुस्तक २०१६ च्या अखेरच्या फीवाढीच्याही आधीचं आहे, कारण त्या वाढीनंतर प्रत्येक वाहन प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे वेगळे ५० झाले. पक्क्या लायसन्सची मुदत: ‘वीस वर्षं किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत’ हा जुना नियम. आता लायसन्स काढताना वय तिशीच्या आत असेल तर ते चाळिशीपर्यंत चालतं आणि तीस ते पन्नास वयात काढलं तर दहा वर्षं. शेवटचं म्हणजे कागदपत्रं. पुस्तक ‘मूळ प्रती सोबत ठेवणे सक्तीचे’ म्हणत असेल आणि मोबाइलवर कागदपत्रं दाखवायच्या डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपचा उल्लेखच नसेल, तर ते २०१८ नंतर कुणी तपासलेलं नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि तो चांगल्या लेखकाची परीक्षाच घेतो. कायद्यातला दंड आणि रस्त्यावर जागीच भरायची तडजोड रक्कम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तडजोड रक्कम राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्रानं नवी रक्कम डिसेंबर २०२१ मध्ये अधिसूचना काढून लागू केली आणि काही गुन्ह्यांसाठी ती केंद्राच्या आकड्यापेक्षा कमी आहे. दोन्हींतला फरक सांगणारं पुस्तक दिसलं तर लेखकानं काम मनापासून केलंय असं समजा. एकच तक्ता देऊन ‘हा दंड’ म्हणणाऱ्या पुस्तकातल्या आकड्यांवर वाद घालायला पोलिसांसमोर उभं राहू नका.

दुसरी चाळणी: चित्रातलं स्टिअरिंग कुठल्या बाजूला?

इंग्रजी पुस्तकं आणि त्यांचे मराठी अवतार यांत हा घोळ फार असतो. चित्रातल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असेल तर ते उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशातलं चित्र आहे. नुसतं मनात उलटं करून भागत नाही. आपल्याकडे उजवीकडे वळताना समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागते आणि डावीकडचं वळण सोपं असतं. त्या पुस्तकांत नेमकं उलट असतं. नवशिक्याच्या हाताला पहिल्या महिन्यात जी सवय लागते ती सुटता सुटत नाही, म्हणून असं पुस्तक फुकट मिळालं तरी सुरुवातीला वाचू नका.

ब्रिटिश पुस्तकं डाव्या बाजूचीच असल्यानं आरसे, क्लच, रिव्हर्स यांच्यासाठी ती चांगली असतात. पण त्यातल्या रस्त्यावरच्या चालीरीती इथे आणायच्या नाहीत. ब्रिटनमध्ये समोरच्यानं हेडलाइट लुकलुकवली तर बहुतेक वेळा ‘आधी तू जा’ असा अर्थ निघतो. आपल्या महामार्गावर समोरच्या ट्रकनं डिपर मारला, म्हणजे तीच हेडलाइट लुकलुकवली, तर तो ‘मी थांबणार नाही, तू थांब’ असं सांगत असतो. ज्या पुस्तकात डिपरबद्दल एकही ओळ नाही, ते आपल्या रस्त्यासाठी लिहिलेलं नाही. तसंच ट्रकच्या उजव्या इंडिकेटरचं. तो उजवीकडे वळणार असेल, समोरच्याला ओव्हरटेक करणार असेल, किंवा ‘रस्ता मोकळा आहे, तू पुढे जा’ असं मागच्याला सुचवत असेल. एकाच दिव्याचे तीन अर्थ निघतात, म्हणून त्या इशाऱ्यावर भरवसा ठेवून कधीच ओव्हरटेक करायचा नाही, स्वतःला पुढचा रस्ता दिसला तरच करायचा, असं स्पष्ट लिहिणारं पुस्तक घ्या.

तिसरी चाळणी: आजच्या गाडीबद्दल लिहिलंय का?

गाड्या बदलल्या, पण बरीच पुस्तकं अजून कार्ब्युरेटरच्या काळातली आहेत. ‘थंडीत चोक ओढून गाडी सुरू करावी’ हे वाक्य दिसलं की समजून जा. याहून महत्त्वाची दोन पानं आहेत.

एक ब्रेकचं पान. घसरड्या रस्त्यावर ‘ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून सोडावा’ हा सल्ला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीसाठी बरोबर आहे, कारण चाक जाम झालं की स्टिअरिंग ऐकत नाही. २०१९ पासून नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. त्या गाडीत हे काम यंत्रणा स्वतः करते. तिथे आणीबाणीच्या वेळी ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबून धरायचा आणि स्टिअरिंगनं अडथळा चुकवायचा. पायाखाली पेडल थरथरतं आणि नवशिका घाबरून पाय उचलतो, इथेच घात होतो. ही थरथर अपेक्षित आहे असं सांगणारं पुस्तक खरंच कामाचं. आणि ड्रायव्हिंग स्कूलची गाडी जुनी, घरची नवी असं असेल तर दोन्ही पद्धती सांगणारंच पुस्तक हवं.

दुसरं स्टिअरिंग धरण्याचं पान. जुनी पुस्तकं घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी हात ठेवायला सांगतात. एअरबॅग असलेल्या गाडीत हात नऊ आणि तीनवर ठेवणं बरं, कारण एअरबॅग फुगताना वर असलेले हात तोंडावर आदळण्याचा धोका असतो.

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचतं, असं लिहिणारं पुस्तक जागेवर परत ठेवा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर घातलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारं इंधन जवळपास बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. बचत नाहीच, वर इंजिनाचा ब्रेक हातून जातो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरताना ब्रेक तापून पकड कमी होणं म्हणजे काय, हे शिकाऊ चालकानं पुस्तकातूनच शिकलेलं बरं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, थोडा वेळ नीट दाबून सोडायचा. इतकं तरी त्या पानावर हवं.

एकच पान उघडून परीक्षा घ्यायची असेल तर: चढावर गाडी उचलणं

वेळ कमी असेल आणि दुकानदार घाई करत असेल तर अनुक्रमणिकेत ‘चढ’ शोधा आणि तेवढंच पान वाचा. पुस्तकाचा कस याच पानावर लागतो. साताऱ्याला हे शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. बोगद्याकडची चढण आणि यवतेश्वरचा घाट अगदी दाराशी आहेत. सांगली-मिरज सपाट असल्यानं तिथले बरेच शिकाऊ चढावर कधी थांबलेलेच नसतात आणि पहिल्यांदा उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकले की गाडी मागे सरकते.

वाईट पुस्तकात एवढंच असतं: ‘चढावर क्लच हळूहळू सोडत ॲक्सिलरेटर द्यावा.’ हे वाचून कुणालाच गाडी उचलता येणार नाही. चांगलं पुस्तक ते असं उलगडतं. गाडी थांबली की आधी फूटब्रेक, मग हँडब्रेक पूर्ण ओढायचा. क्लच तळापर्यंत दाबून पहिला गिअर टाकायचा. मागचा आरसा पाहायचा, मागे कुणी चिकटून उभं आहे का. ॲक्सिलरेटर थोडा आणि एकसारखा द्यायचा, इंजिनाचा आवाज जरा वाढेल इतका. आता क्लच हळू वर आणायचा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं. क्लच पकडल्याची खूण तीच. पाय तिथेच थांबवायचा, हलवायचा नाही. ॲक्सिलरेटर आणखी थोडा देत हँडब्रेक खाली सोडायचा. गाडी पुढे सरकली की मग क्लच पूर्ण सोडायचा.

यानंतर चुकतं कुठे तेही हवं. क्लच पकडायच्या आत हँडब्रेक सोडला की गाडी मागे जाते. क्लच पकडल्यावर ॲक्सिलरेटर कमी पडला की गाडी बंद पडते. ॲक्सिलरेटर जास्त देऊन हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की जळका वास येतो, तो क्लच प्लेटचा. सिग्नलला चढावर हाफ क्लचवर उभं राहण्याची सवय याच चुकीतून लागते आणि गॅरेजचं बिल वाढवते. गाडी मागे सरकायला लागली तर काय करायचं? पहिल्यांदा फूटब्रेक आणि क्लच दोन्ही दाबायचे, मग सगळं पहिल्यापासून. एवढं एका पानावर असेल आणि हिल होल्ड (चढावर गाडी काही क्षण आपोआप धरून ठेवणारी सोय) असलेल्या किंवा ऑटोमॅटिक गाडीत काय वेगळं होतं याच्या दोन ओळी असतील, तर उरलेलं पुस्तकही बहुधा असंच नीट असणार.

रिव्हर्सच्या पानालाही थोडा वेळ द्या. पक्क्या लायसन्सच्या चाचणीत इंग्रजी एच आकाराच्या ट्रॅकवर गाडी पुढे-मागे घ्यावी लागते. ‘आरशात खांब दिसला की स्टिअरिंग पूर्ण फिरवा’ अशा खुणा पुस्तकात असतात. त्या उपयोगी आहेत, पण गाडीची लांबी, सीटची उंची आणि चालकाची बसण्याची पद्धत बदलली की खूणही बदलते. खुणा स्वतःच्या गाडीत बसून, मोजून ठरवून घ्या असं सांगणारं पुस्तक खरं बोलतंय.

अंतर आणि ओव्हरटेक: आकडे मांडलेत का?

‘सुरक्षित अंतर ठेवा’ हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं. सुरक्षित म्हणजे किती, हे कमी पुस्तकांत असतं. तुम्हीच हिशोब करून पुस्तक तपासा. ताशी वेगाला ३.६ नं भागलं की सेकंदाला गाडी किती मीटर जाते ते निघतं. ताशी ५० ला सुमारे १४ मीटर, ताशी ८० ला सुमारे २२. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी तेवढं अंतर ब्रेक न लागताच कापलं जातं. पुढे ब्रेकचं अंतर वेगळं, आणि वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं, दुप्पट नाही. पुस्तकातला तक्ता या हिशोबाशी जुळत नसेल तर तो कुठून तरी उतरवलेला आहे.

आपल्या जिल्ह्यांसाठी ओव्हरटेकचं पान जास्त महत्त्वाचं, कारण हंगाम सुरू झाला की कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दोन ट्रॉल्या. हा हिशोब बहुतेक पुस्तकांत मिळणार नाही, म्हणून इथेच मांडतो. ट्रॅक्टर ताशी १५ नं चाललाय, तुम्ही ताशी ४० नं ओव्हरटेक करताय. वेगातला फरक २५, म्हणजे सेकंदाला ७ मीटरच्या आसपास. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या, तुमची गाडी, मागचं-पुढचं मोकळं अंतर धरून साधारण ४० मीटर अंतर तुम्हाला ट्रॅक्टरच्या तुलनेत जास्त कापायचंय. त्याला सहा सेकंद लागतील. त्या सहा सेकंदांत तुम्ही सुमारे ६७ मीटर जाल आणि समोरून ताशी ६० नं येणारी गाडी १०० मीटर. म्हणजे कमीत कमी पावणेदोनशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा आणि चुकायला वाव म्हणून दोनशेच्या पुढे धरा. वळणावर, चढाच्या टोकाला किंवा पुलावर एवढा रस्ता दिसतच नाही. रात्री ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसेल तर ती दिसायलाच उशीर होतो, उसाची मोळी बाजूला बाहेर आलेली असते, आणि पुढच्या ट्रॉलीच्या पुढे दुसरा ट्रॅक्टर असण्याची शक्यता कायम असते. असा हिशोब स्वतः करायला शिकवणारं पुस्तक मिळालं तर इतर उणिवा माफ करा.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, चौकातल्या सर्कलमध्ये आधीच शिरलेल्या वाहनाला प्राधान्य द्यायचं. हे दोन नियम पुस्तकात स्पष्ट आहेत का, तेही बघून घ्या.

चिन्हांची पानं रंगीतच हवीत

इथे काटकसर नको. वर्तुळातल्या चिन्हांत लाल कड म्हणजे मनाई आणि निळं वर्तुळ म्हणजे सक्ती, हा ढोबळ फरक रंगावरच उभा आहे. काळ्या-पांढऱ्या छपाईत ‘हॉर्न वाजवा’ आणि ‘हॉर्न वाजवू नका’ यांत फक्त एका तिरप्या रेघेचा फरक उरतो आणि परीक्षेत पडद्यावर रंगीत चिन्ह आलं की गोंधळ होतो. त्रिकोण म्हणजे पुढच्या धोक्याची सूचना, चौकोन-आयत म्हणजे माहिती, हे आकारानं कळतं. पण अष्टकोनी ‘थांबा’ आणि उलटा त्रिकोण असलेलं ‘वाट द्या’ ही दोन चिन्हं आकार वेगळा असूनही बंधनकारक आहेत, हे पुस्तकानं वेगळं सांगितलेलं असावं.

रेल्वे फाटकाच्या पानावर एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रॉडगेज मार्गांवरची फाटकवाला नसलेली फाटकं २०१९ च्या सुरुवातीपर्यंत काढून टाकली गेली. तरी प्रश्न अभ्यासक्रमात आहेच, म्हणून पान वगळू नका. थांबायचं, गाडीत सोबत कुणी असेल तर त्यानं उतरून दोन्ही बाजू पाहायच्या, मगच ओलांडायचं, हे उत्तर अपेक्षित असतं.

परीक्षा मराठीतून देणार असाल तर पुस्तकही मराठीच घ्या. सरकारी मराठी जड असते आणि ‘अनुज्ञप्ती’ (म्हणजे लायसन्स) असे शब्द पहिल्यांदा परीक्षेच्या पडद्यावर भेटले तर सोपा प्रश्नही चुकतो.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे विचारा

फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट: मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलला लायसन्स मिळायला ज्या वस्तू ठेवाव्या लागतात, त्यांत त्याच केंद्रीय नियमांतल्या नियम २४ नुसार गाडी चालवण्याच्या सूचनांची पुस्तिका आणि मोटारीची यंत्रणा, ड्रायव्हिंग, रस्ता सुरक्षा नि कायदे यांवरच्या पुस्तकांचा संग्रहही येतो. तेव्हा नाव नोंदवतानाच ती पुस्तकं पाहायला मागा. संकोच करू नका, ती ठेवणं त्यांना बंधनकारकच आहे. चाळून आवडलं तर तेच विकत घ्या. साताऱ्याचं एमएच ११, कराडचं एमएच ५० किंवा सांगलीचं एमएच १०, तुमची गाडी यांपैकी कुठलीही असो, अभ्यासक्रम एकच आहे.

त्याच वेळी तासांचंही विचारून घ्या. खासगी चारचाकीसाठी प्रशिक्षण कमीत कमी २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंग किमान १० तासांचं असावं लागतं. म्हणजे रोज साधारण अर्धा तास स्टिअरिंग तुमच्या हातात हवं, चार जण आळीपाळीनं बसले तरी. तुमच्या तासांची नोंद फॉर्म १५ मध्ये होते.

पुस्तक वापरायचं कसं

क्लास सुरू व्हायच्या आधी फक्त गाडीची ओळख आणि बसण्याची स्थिती एवढंच वाचा. सीट इतकी पुढे की क्लच तळाला गेला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील, पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल. मग तिन्ही आरसे. गाडी घरी असेल तर इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक लावून क्लच दाबायचा आणि गिअर न बघता टाकायचे. याचा सराव दोन संध्याकाळी केला की पहिल्या दिवसाचा अर्धा तास गिअर शोधण्यात जात नाही.

त्यानंतर रोज एकच विषय. उद्या सर काय घेणार ते आज विचारायचं, रात्री तेवढीच दोन-तीन पानं वाचायची. परत आल्यावर समासात पेन्सिलीनं लिहायचं: काय जमलं नाही, गाडी कुठे बंद पडली, सर काय वेगळं म्हणाले. सर आणि पुस्तक यांचं पटलं नाही तर? चालत्या गाडीत सरांचंच ऐका. दुसरा ब्रेक त्यांच्या पायाखाली आहे. गाडी थांबल्यावर पुस्तक दाखवून विचारा. हाताळण्याच्या बाबतीत सरांची पद्धत त्या गाडीपुरती बरोबर असू शकते. दंड, मुदत, चिन्हं यांच्या बाबतीत मात्र नवं पुस्तक आणि पोर्टल जे म्हणेल ते धरा.

स्कूल संपल्यावर घरच्या गाडीवर सराव करायचा असेल तर शेजारी लायसन्सधारक बसलेला हवा आणि पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हे इंग्रजी अक्षर. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि तळाशी ९ सेंटिमीटर रुंद. हे माप देणारं पुस्तक विरळा, पण ते असेल तर लेखकानं नियम उघडून पाहिलेत हे नक्की.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. चाचणीच्या आठवड्यात पुस्तकातली नवी पानं वाचू नका. समासातल्या स्वतःच्या नोंदी वाचा आणि चढ नि रिव्हर्स एवढ्याचाच सराव करा. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. तीनदा नापास झाल्यास मात्र साठ दिवस थांबावं लागतं.

जुनं पुस्तक नगर वाचनालयात किंवा मोठ्या भावाकडे असेल तर इंजिनाची मूळ रचना, गिअरबॉक्स, पंक्चर काढणं यांसाठी ते जरूर वाचा. ते भाग फारसे बदलत नाहीत. त्यातल्या दंडाच्या नि फीच्या पानांवर मात्र पेन्सिलीनं काट मारून ठेवा, म्हणजे पुढचा वाचणारा फसणार नाही. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर तीन नंबर लिहा: आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३. पुस्तक गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं तर त्याचा तोही उपयोग होईल.